मँटोवानी नको

जून १९६५. लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत पॉल मॅकार्टनी एक गाणं घेऊन आला. चाल त्याला झोपेतून उठता उठता सुचली होती आणि नीट शब्द सापडेपर्यंत तो तीवर अंड्याच्या भुर्जीबद्दलची एक फालतू ओळ गात असे. बीटल्समधल्या बाकी तिघांना या गाण्यात आपण काय वाजवावं हे कळेना. शेवटी पॉल एकटाच गिटार घेऊन बसला आणि गाणं म्हणून मोकळा झाला. त्याच दिवशी त्याने घसा फोडून गायचं ‘आय ॲम डाऊन’ही रेकॉर्ड केलं, हे लक्षात घेतलं म्हणजे पुढची गंमत कळते. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी सुचवलं, की या एकट्या गिटारीमागे व्हायोलिनं घालू या. पॉलच्या कपाळाला आठी पडली. मँटोवानीसारखं काही व्हायला नको, असं त्याचं म्हणणं.

हे मँटोवानी मूळचे इटलीचे, पण नाव कमावलं लंडनमध्ये. १९५१ साली त्यांची ‘शारमेन’ ही तबकडी तुफान खपली. तीत रॉनल्ड बिंज नावाच्या अरेंजरची एक युक्ती होती. व्हायोलिनवाल्यांचे गट पाडायचे, चालीतला एक सूर पहिल्या गटाने धरून ठेवायचा, तोवर पुढचा सूर दुसऱ्या गटाने घ्यायचा, त्याच्या पुढचा तिसऱ्याने. सूर एकमेकांवर ओघळत राहतात आणि मोठ्या चर्चमध्ये आवाज घुमावा तसा भास होतो. ऐकायला गोड, पण तासभर ऐकलं तर पाकात बुडवलेल्या जिलब्यांची परात एकट्याने संपवल्यासारखं होतं. १९६५ मधल्या रॉक वाजवणाऱ्या पोराला व्हायोलिन म्हटलं की हेच आठवायचं: आईवडिलांच्या दिवाणखान्यातलं संगीत.

मार्टिननी तोड काढली. तीसचाळीस जणांचा ताफा नको, चौघेच बोलवू: दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. हायडन आणि बेथोवनने ज्या जुळणीसाठी ढिगाने लिहिलं ती स्ट्रिंग क्वार्टेट. पॉलने आणखी एक अट घातली. या वादकांनी सूर थरथरवायचा नाही. पाश्चात्त्य व्हायोलिनवादक तारेवरचं बोट सतत किंचित हलवत असतो, त्याने सुराला कंप येतो आणि तो ‘भावपूर्ण’ वाटतो. याला व्हायब्राटो म्हणतात. पॉलला सूर सरळ आणि कोरडा हवा होता. ज्यांनी उभा जन्म बोट हलवायला शिकण्यात घालवला त्यांना ते एका दुपारी बंद करायला सांगणं सोपं नव्हे. रेकॉर्ड कान देऊन ऐका, थोडा कंप राहिलेला आहेच. पण थोडाच. शिवाय पॉलने चेलोसाठी एक छोटीशी जागा स्वतः सुचवली, ज्यात चेलो कोमल निषादाला जाऊन येतो. मार्टिनच्या नियमबद्ध मांडणीत तो सूर सहसा आला नसता. त्या एका निषादाने सबंध क्वार्टेटला ब्लूजचा, म्हणजे पॉलच्या स्वतःच्या गल्लीतला वास आला.

१७ जूनला चौघे वादक येऊन वाजवून गेले. गाणं म्हणजे ‘येस्टरडे’. बीटल्सच्या वाद्यवृंदी वळणाची ही सुरुवात, आणि पुढच्या पाच वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक चांगल्यावाईट प्रयोगाचं बीज मला या पहिल्याच दिवसात दिसतं. वाद्यवृंद आणायचा तर त्याला करायला काहीतरी काम हवं. नुसता गोडवा वाढवणं हे काम नव्हे, ही पॉलची भीती पुढे अगदी खरी ठरली, आणि तीही त्याच्याच गाण्यावर.

बीटल्समधल्या चौघांपैकी कुणालाही स्वरलेखन वाचता येत नव्हतं. त्यामुळे मधला माणूस महत्त्वाचा. मार्टिन सुताराचे चिरंजीव. नौदलाच्या हवाई दलातून सुटल्यावर गिल्डहॉल संगीतशाळेत शिकले, पियानो आणि ओबो वाजवत. १९५५ मध्ये, तिशीही ओलांडलेली नसताना, पार्लोफोन या ईएमआयच्या दुय्यम लेबलचे प्रमुख झाले. तिथे त्यांचं नाव झालं ते पीटर सेलर्ससारख्या नकलाकारांच्या विनोदी तबकड्यांनी. चित्रविचित्र आवाज काढणं, टेप उलटी चालवणं, वेग बदलणं ही सगळी हातचलाखी त्यांनी विनोदासाठी शिकून ठेवली होती. पॉल किंवा जॉन लेनन पियानोशी बसून गुणगुणत, मार्टिन ते कागदावर उतरवत आणि वादकांपुढे ठेवत. आपल्याकडे याच काळात शंकर-जयकिशनसाठी गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा हे काम करत होते, आणि तबकडीवर त्यांचं नाव नसे. मार्टिनचं निदान निर्माता म्हणून नाव येत होतं. पैशाचं म्हणाल तर ते पगारी नोकर होते. त्यांच्या तबकड्यांनी कंपनी मालामाल होत असताना त्यांना रॉयल्टी नव्हती. १९६५ मध्येच त्यांनी ईएमआय सोडून स्वतःची कंपनी काढली आणि बीटल्सचं काम बाहेरून करू लागले.

पुढचं पाऊल एप्रिल १९६६ मध्ये पडलं, ‘एलिनॉर रिग्बी’ या गाण्यात. यात बीटल्सपैकी एकानेही एकही वाद्य वाजवलेलं नाही. पॉल गातो, जॉन आणि जॉर्ज हॅरिसन साथीला गातात. बाकी फक्त आठ तंतुवाद्यं: चार व्हायोलिन, दोन व्हिओला, दोन चेलो. गाणं जवळजवळ दोनच कॉर्डवर चालतं, त्यामुळे सगळा जोर वाजवण्याच्या पद्धतीवर. मार्टिनना हिचकॉकच्या चित्रपटांचा संगीतकार बर्नार्ड हरमन फार आवडे. ‘सायको’तल्या न्हाणीघराच्या प्रसंगात व्हायोलिनं सुरीसारखी चालतात, तो हरमन. ‘एलिनॉर रिग्बी’त लांब ओढलेले सूर नाहीतच म्हणा ना. गज तारेवर आपटतो आणि उठतो, आपटतो आणि उठतो. ड्रम नसूनही ठेका अंगावर येतो तो त्यामुळे.

दुसरं श्रेय जेफ एमरिकचं. हा रेकॉर्डिंग इंजिनिअर तेव्हा वीस वर्षांचा होता. तंतुवाद्यांसमोर माइक ठेवायचा तो चारसहा फूट दूर आणि उंचावर, अशी ईएमआयमधली रीत. खोलीची हवा आणि भिंती मधे आल्या की राळ लावलेल्या गजाची खरखर विरते आणि उरतो तो गुळगुळीत सूर. एमरिकने माइक तारांपासून काही इंचांवर आणून ठेवले. वादक हादरले. इतक्या जवळून रेकॉर्ड केलं तर आपली बारीकसारीक चूकही पकडली जाणार, ही त्यांची धास्ती. प्रत्येक टेकच्या आधी वरच्या काचेच्या खोलीत खुर्च्या मागे सरकवल्याचा आवाज यायचा. अखेर मार्टिनना त्यांना सांगावं लागलं, की कृपा करून जागचे हलू नका. आज ते गाणं ऐकताना गजाचा जो चावा जाणवतो, तो या खुर्च्यांच्या भांडणातून आलेला आहे.

इथे जरा आवाजाचं गणित पाहू. दहा व्हायोलिनं एकत्र वाजली की एका व्हायोलिनच्या दसपट ऊर्जा हवेत जाते, पण आपल्या कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे नुसता आवाज वाढवायला माणसं आणणं हा महागडा आणि मूर्ख मार्ग, ॲम्प्लिफायरची कळ फिरवली की झालं. गर्दीने जे मिळतं ते वेगळं. दहा जण ‘एकच’ सूर वाजवतात तेव्हा तो कधीच अगदी एक नसतो. कुणी केसभर वर, कुणी केसभर खाली, कुणाचा गज क्षणभर आधी पडलेला. या बारीक फरकांनी सूर जाड आणि मऊ होतो, त्याच्या कडा झिजतात. म्हणून चौघं असले की तुम्हाला माणसं ऐकू येतात, चाळीस असले की समुद्र. अरेंजरला आधी हेच ठरवावं लागतं, की या गाण्यात माणसं हवीत की समुद्र. मँटोवानीला नेहमीच समुद्र हवा असे. ‘एलिनॉर रिग्बी’ एकट्या माणसांबद्दलचं गाणं आहे, तिथे आठ पुरे होते.

हे सगळं स्टेजवर कसं वाजवायचं? उत्तर सोपं होतं, वाजवायचंच नाही. १९६५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर लोक आले होते आणि त्यांच्या किंकाळ्यांपुढे बीटल्सना स्वतःचं वाजवणं ऐकू येत नव्हतं. १९६६ च्या उन्हाळी दौऱ्यात त्यांनी नुकत्याच आलेल्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बममधलं एकही गाणं घेतलं नाही. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम झाला आणि दौरे संपले. आता गाणं तबकडीवर राहिलं म्हणजे झालं, ते चौघांनी उभं राहून वाजवता यायला हवं असं बंधन उरलं नाही. स्टुडिओचे तास मोजणारंही कुणी राहिलं नाही, कारण ईएमआयला त्यांना नाही म्हणण्याची हिंमत नव्हती.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’मध्ये तीन चेलो आणि चार ट्रम्पेट आले. ‘पेनी लेन’साठी पॉलने टीव्हीवर बाखचा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो वाजवताना पाहिलेल्या डेव्हिड मेसनला बोलावलं. त्याचा पिकोलो ट्रम्पेट नेहमीच्या ट्रम्पेटहून सप्तकभर वर बोलतो. पॉल तोंडाने गाऊन दाखवी, मार्टिन लिहून घेत, मेसन वाजवी. पण या दोन्हींवर रेंगाळण्यापेक्षा जानेवारी १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘अ डे इन द लाइफ’कडे वळतो, कारण वाद्यवृंदाचं काम काय असू शकतं ते तिथे दिसतं.

जॉनकडे एका गाण्याचा आरंभ आणि शेवट होता, पॉलकडे मधे घालता येईल असा एक वेगळाच तुकडा. दोन्हींच्या मधे काय, ते ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी चोवीस बार, म्हणजे शहाण्णव मात्रा, मोकळ्या सोडल्या. त्यांचा मदतनीस मॅल इव्हान्स मोठ्याने आकडे मोजत राहिला आणि चोविसावा झाल्याची खूण म्हणून त्याने गजराचं घड्याळ वाजवलं. पॉलच्या तुकड्याची सुरुवात नेमकी झोपेतून उठण्याची होती, त्यामुळे ते घड्याळ तिथेच राहिलं. इव्हान्सचं मोजणंही पार्श्वभूमीला अजून ऐकू येतं.

त्या रिकाम्या जागेत काय भरायचं? पॉलला त्या काळात श्टॉकहाउझेन आणि जॉन केज यांच्यासारख्या प्रयोगी संगीतकारांचं वेड लागलं होतं. त्याने सांगितलं, नव्वद जणांचा पुरा ऑर्केस्ट्रा बोलवा आणि त्यांना म्हणा, तुमच्या वाद्यातल्या सगळ्यात खालच्या सुरापासून सगळ्यात वरच्या सुरापर्यंत जा, कसंही जा. मार्टिननी दोन दुरुस्त्या केल्या. नव्वदांचे चाळीस केले, खर्चासाठी. आणि ‘कसंही’ हा शब्द काढून टाकला, कारण समोर ठेवलेला कागद वाचून वाजवणाऱ्या वादकाला ‘तुम्हाला वाटेल ते करा’ म्हटलं की तो काहीच करत नाही. त्यांनी प्रत्येक वाद्याचा अगदी खालचा सूर सुरुवातीला लिहिला, शेवटी ई मेजर कॉर्डच्या जवळचा त्याला पोचता येईल तो अगदी वरचा सूर लिहिला, आणि मधे एक वेडीवाकडी रेघ ओढली. कोणत्या बारला साधारण कुठवर पोचलेलं असावं याच्या खुणा केल्या. आरंभी अगदी हळू, शेवटी होता होईल तेवढं मोठ्याने. आणि वर एक सूचना, जी त्या वादकांना जन्मात कुणी केली नसेल: शेजारी काय वाजवतोय तिकडे लक्ष देऊ नका, तुमचे सूर जुळले तर तुम्ही चुकलात.

१० फेब्रुवारी १९६७ च्या संध्याकाळी हे रेकॉर्डिंग झालं, मोठ्या स्टुडिओ वनमध्ये. १९३१ मध्ये याच खोलीचं उद्‌घाटन करताना सर एडवर्ड एल्गर यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचं संचालन केलं होतं. वादकांना रात्रीच्या मेजवानीचा काळा सूट घालून यायला सांगितलं होतं. आल्यावर त्यांना कागदी टोप्या, विदूषकाची लाल नाकं, खोटे चष्मे वाटले गेले. व्हायोलिनांचे प्रमुख एरिक ग्रूनबर्ग यांनी गज धरलेल्या हातात गोरिलाचा पंजा चढवला. ‘बसून’ नावाच्या फुंकवाद्यांना फुगे बांधले होते, फुंकर घातली की ते हलायचे. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्ससह बरीच मित्रमंडळी पाहायला आली होती. हा सगळा पोरखेळ वाटेल, पण मला त्यात एक शहाणपण दिसतं. लाल नाक लावलेल्या माणसाला आपण चुकीचं वाजवतोय याची लाज वाटायचं कारण उरत नाही.

पॉलने पुढे एक निरीक्षण सांगितलं आहे. ट्रम्पेटवाले बिनधास्त आपापल्या वाटेने निघाले, व्हायोलिनवाले मात्र मेंढरांसारखे एकमेकांकडे बघत एका कळपाने चढत राहिले. ज्यांनी वाद्यवृंदात काम केलंय त्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही. व्हायोलिन विभागात वेगळं ऐकू येणं हाच गुन्हा असतो, आणि पितळी वाद्यवाल्याला तर एकट्यानेच ऐकू यायचं असतं.

आता तांत्रिक अडचण. तेव्हाच्या ईएमआयमध्ये टेपवर चारच ट्रॅक असत. ते भरले की चारांचं मिश्रण करून दुसऱ्या टेपच्या एका ट्रॅकवर उतरवायचं आणि पुढे जायचं. दर खेपेला टेपची सरसर वाढते आणि आवाजाची धार जाते, आणि एकदा मिसळलेलं परत वेगळं करता येत नाही. या गाण्याच्या टेपवर ऑर्केस्ट्राला जागाच उरली नव्हती. केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने दोन यंत्रं जोडून चालवायची युक्ती काढली. एका यंत्राच्या टेपवर ५० हर्ट्झचा सूर नोंदवायचा, तो वाढवून दुसऱ्या यंत्राच्या मोटरला पुरवायचा, म्हणजे पहिलं जरा हळू झालं की दुसरंही तेवढंच हळू होतं. मग चाळीस जणांचा ऑर्केस्ट्रा दुसऱ्या टेपच्या चारही ट्रॅकवर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून एकावर एक रचला गेला. म्हणजे चाळिसाचे एकशे साठ झाले. पॉलला नव्वद हवे होते, त्याला सत्तर जास्त मिळाले, आणि बिल झालं ३६७ पौंड १० शिलिंग.

शेवटचा कॉर्ड बारा दिवसांनी, २२ फेब्रुवारीला झाला. आधी तोंडाने गुणगुणून पाहिलं होतं, ते लेचंपेचं वाटलं. मग तीन पियानोंवर एकदम तोच ई मेजर वाजवला आणि सूर विरत जाईल तशी इंजिनिअरने आवाजाची कळ वर वर नेली. चाळीस सेकंदांहून जास्त तो कॉर्ड चालतो. शेवटी कळ इतकी वर गेली होती, की खोलीतली खुर्ची करकरलेली ऐकू येते. बीबीसीने गाण्यावर बंदी घातली, अमली पदार्थांचा इशारा आहे म्हणून. ऑर्केस्ट्राबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

हे गाणं ज्या अल्बममध्ये आलं त्या ‘सार्जंट पेपर’मध्ये आणखी दोन वाद्यवृंदी गाणी आहेत आणि दोन्हींची कथा निराळी. ‘शीज लीव्हिंग होम’च्या वेळी मार्टिन दुसऱ्या गायिकेच्या रेकॉर्डिंगमध्ये अडकले होते. पॉलला दम निघेना. त्याने माइक लिअँडर या अरेंजरकडून अरेंजमेंट लिहून घेतली. मार्टिन दुखावले, तरी दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर त्यांनीच संचालन केलं. हार्प वाजवायला शीला ब्रॉमबर्ग आल्या होत्या. बीटल्सच्या तबकडीवर वाजवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री वादक. गाणं सुंदर आहे, पण मार्टिननी स्वतः लिहिलं असतं तर त्यांनी हार्प जरा कमी केला असता असं मला वाटतं.

दुसरं हॅरिसनचं ‘विदिन यू विदाउट यू’. त्यात लंडनमधले भारतीय वादक दिलरुबा, तबला, तानपुरा वाजवतात आणि मार्टिननी त्यांच्याबरोबर आठ व्हायोलिनं आणि तीन चेलो बसवले. आपल्या कानाला दिलरुब्याची मींड सहज जाते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना मधल्या सगळ्या जागा दाखवायच्या. पाश्चात्त्य व्हायोलिनवादकाच्या कागदावर सूर म्हणजे सुटे टिंब, टिंबांमधली वाट तिथे लिहिलेली नसते. मार्टिननी दिलरुब्याचं एकेक वाक्य ऐकून ती घसरण लिहून काढायचा प्रयत्न केला. ऐकताना दोन्ही बाजूंची ओढाताण जाणवते आणि मला ती आवडते. त्या भारतीय वादकांची नावं मात्र तबकडीच्या वेष्टनावर आली नाहीत, ती लोकांसमोर यायला अर्धशतक गेलं. पुढच्या जानेवारीत, १९६८ मध्ये, हॅरिसन मुंबईतच आला. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी त्याने एचएमव्हीच्या स्टुडिओत आशिष खाँ, शिवकुमार शर्मा अशा वादकांना घेऊन काम केलं. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचा वाद्यमेळ रेकॉर्ड झाला. वरचं गायन नंतर लंडनमध्ये जोडलं. म्हणजे बीटल्सच्या एका अधिकृत सिंगलच्या मागच्या बाजूला मुंबईत वाजलेला वाद्यमेळ आहे, आणि ही गोष्ट मुंबईकरांनाच फारशी ठाऊक नसते.

एव्हाना इतर बँडनाही वाट दिसली होती. मूडी ब्लूजचा ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ १९६७ च्या नोव्हेंबरात आला. त्यात ऑर्केस्ट्रा मुख्यतः गाण्यांच्या मधल्या जागा सांधतो. ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’मध्ये लोकांना जी व्हायोलिनं ऐकू येतात ती बहुतेक मेलोट्रॉनची. या बर्मिंगहॅमच्या यंत्रात पट्टीपट्टीला टेपचा एक तुकडा जोडलेला असतो आणि त्यावर खऱ्या वादकाचा सूर नोंदलेला असतो. तुकडा आठेक सेकंदांत संपतो, तेवढ्यात बोट उचलावं लागतं. १९६९ च्या सप्टेंबरात डीप पर्पलने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर बँडमधल्याच जॉन लॉर्डने लिहिलेला कॉन्चेर्टो वाजवला. सर्वांसमोर, एकाच मंचावर. तिथे अडचणी उघड्या पडल्या. विकृत केलेल्या इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज मधल्या पट्ट्यात इतका पसरतो, की व्हिओला आणि चेलो त्याच्याखाली गाडले जातात. त्यांच्यासमोर माइक ठेवला तर त्यात ड्रम शिरतात. शिवाय ड्रमर काठी पडताच बोलतो, तर ऑर्केस्ट्रा संचालकाच्या हातामागून किंचित उशिराने. म्हणून लॉर्डने बराच वेळ दोघांना आळीपाळीने बोलू दिलं. संचालक माल्कम अर्नोल्ड होते म्हणून निभावलं. तालमीत नाक मुरडणाऱ्या वादकांना त्यांनीच खडसावलं होतं.

बर्मिंगहॅमच्याच रॉय वुड आणि जेफ लिन यांनी इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा हा बँड काढला तो बीटल्सचं ‘आय ॲम द वॉलरस’ जिथे संपलं तिथून पुढे जायचं म्हणून. वॉलरसमधले चेलो गुरगुरतात, ते यांना हवे होते. सुरुवातीला दोनतीन तंतुवादकच एकावर एक थर चढवत. १९७४ च्या ‘एल्डोराडो’साठी लिनने लुई क्लार्कच्या मदतीने तीसेक जणांचा ऑर्केस्ट्रा घेतला. आवाज भव्य झाला, विक्री वाढली. मला मात्र आधीचे ते दोन गुरगुरणारे चेलो जास्त बोलके वाटतात.

आणि आता १ एप्रिल १९७०. वर्षभरापूर्वी बीटल्सनी ठरवलं होतं, की पुरे झाले थर, आता चौघांनी एकत्र बसून सरळ वाजवायचं. त्या उद्योगातल्या टेप पडून राहिल्या. जॉनने त्या फिल स्पेक्टर या अमेरिकन निर्मात्याकडे दिल्या. ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ हे पॉलचं पियानोवरचं साधं गाणं. त्यात जॉनचं बास वाजवणं जागोजागी चुकलेलं आहे, आणि स्पेक्टरने ते झाकायलाच एवढा पसारा मांडला असं काही समीक्षक म्हणतात. रिचर्ड ह्यूसनच्या अरेंजमेंटवर अठरा व्हायोलिनं आली, व्हिओला, चेलो, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, हार्प आणि चौदा गायिका. त्या दिवशी स्टुडिओत बीटल्सपैकी एकटा ड्रमर रिंगो होता. पॉलला कुणी विचारलंही नव्हतं.

ऐकून पाहा. व्हायोलिनं पॉल गातो तेव्हाही लांब सूर धरून असतात, थांबतो तेव्हाही. प्रत्येक फटीत गायिका ‘आ’ करतात. शेवटाला हार्प वरपासून खालपर्यंत झुळझुळतो. गाणं एकटं पडलेल्या माणसाचं आहे, आणि त्याला एक क्षण एकटं सोडलेलं नाही. पॉलने १४ एप्रिलला बँडचे कारभारी ॲलन क्लाइन यांना पत्र लिहून तंतुवाद्यं, पितळी वाद्यं आणि गायिका कमी करायला, हार्प काढायला सांगितलं, आणि पुन्हा असं करू नका असंही बजावलं. काही बदललं नाही. अल्बम आला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी पॉलने भागीदारी मोडण्यासाठी कोर्टात धाव घेतली, तेव्हा दिलेल्या कारणांत या गाण्याचाही उल्लेख होता. अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

२००३ मध्ये ‘लेट इट बी... नेकेड’ निघालं आणि त्यात ऑर्केस्ट्रा नसलेलं गाणं पॉलला हवं तसं मिळालं. पण स्वतःच्या मैफलींत तो हे गाणं घेतो तेव्हा त्याचा कीबोर्डवादक मागे व्हायोलिनं वाजवत असतो, आणि ती बरीचशी स्पेक्टरच्याच वळणाची असतात. स्पेक्टरने यावर टोमणा मारायची संधी सोडली नाही. लोकांच्या कानात तेच बसलंय, त्यांना तेच हवं असतं, आणि तिकीट काढून आलेल्यांना पॉल मॅकार्टनी सहसा नाराज करत नाही.